गाडी ‘हॉट’ झालीय, बॉस!

बाबांची जुनी गाडी तापते म्हणून विकायला काढताय? जरा थांबा. आधी तिचा थर्मोस्टॅट जागेवर आहे का, तेवढं बघून घ्या.

मे महिना, लाँग वीकेंड आणि खंडाळ्याचा घाट. हे कॉम्बिनेशन जमलं की रस्त्याच्या कडेला एक ठरलेलं दृश्य दिसतं. बॉनेट वर, आतून वाफेचा लोट, गाडीतली मंडळी बाहेर, पोरं कठड्यावर बसून वेफर्स खातायत आणि एक गृहस्थ हातात पाण्याची बाटली घेऊन इंजिनाकडे असे बघतायत, जणू ते आता काहीतरी बोलेल! आपण एसीच्या गारव्यात शेजारून जातो आणि मनातल्या मनात ‘बिच्चारे’ म्हणतो.

एके काळी या सीनमध्ये पद्मिनी असायची. डिकीत पाण्याचा कॅन ठेवल्याशिवाय पद्मिनीवाला घाटाकडे फिरकायचा नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये रिटायर झाली, आणि कठड्याशेजारची ती जागा आता आपल्या शाळेच्या दिवसांत घरी आलेल्या गाड्यांनी घेतलीय. मारुती 800, झेन, सँट्रो. बाबांनी हप्त्यावर घेतलेल्या, आपण ज्यांच्या मागच्या सीटवर उलट्या केल्या आणि पुढे ज्यांच्यावर गिअर टाकायला शिकलो, त्याच. आज त्या आपल्या नावावर आहेत, आणि त्या तापतात.

माझ्या एका मैत्रिणीकडे अशीच एक 800 आहे. 2004 चं मॉडेल, पांढरी. (तसं 800 हे प्रकरण 14 डिसेंबर 1983 पासूनचं, आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे ही काही म्युझियम पीस नव्हे.) मैत्रीण हिंजवडीत नोकरीला, वडील रिटायर्ड. रविवारी पहाटे लॉ कॉलेज रोडवर त्यांनी तिला याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं. 2024 च्या उन्हाळ्यात गाडीने असा काही ताप काढला, की हिंजवडीच्या जॅममध्ये दुसऱ्या सिग्नललाच काटा लाल पट्ट्याला टेकायचा. तिसऱ्या मेकॅनिकने हात झटकले. ‘‘ताई, काढून टाका आता. इंजिन संपलंय.’’ एका गिऱ्हाइकाने फोनवर जो भाव सांगितला, त्यात एक बरा मोबाइल आला असता. तिचे बाबा काहीच बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून रोज सकाळी गाडी पुसायला लागले.

इंजिन संपलं नव्हतं. त्या गाडीवर तीन ‘इलाज’ झाले होते आणि ते इलाजच तिच्या जिवावर उठले होते. तुमच्या घरच्या गाडीवरही यातला एखादा झालेला असण्याचे चान्सेस सॉलिड आहेत, म्हणून हा प्रपंच.

आधी फंडा क्लिअर

कूलिंग म्हटलं की आपल्याला एसी आठवतो. इथे विषय इंजिनाच्या गारव्याचा आहे. पेट्रोल जाळून जी ऊर्जा निघते, त्यातली ढोबळमानाने तिसऱ्या हिश्शाहून कमीच चाकांपर्यंत पोचते. बाकीची उष्णता होते. त्यातली बरीचशी सायलेन्सरमधून जाते आणि तेवढीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. वॉटर पंप पाणी ढकलतो, ते इंजिनातून तापून बाहेर येतं, पुढच्या जाळीमागच्या रेडिएटरमध्ये वाऱ्याने गार होतं आणि परत आत जातं. सिग्नलला वारा नसतो, तेव्हा पंखा लागतो. सिंपल.

आता यातल्या दोन गोष्टी, ज्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. एक म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नसून स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे. त्याच्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो दाबाचा. प्रेशर कुकरसारखंच. 0.9 च्या झाकणाखाली साधं पाणीही 100 ऐवजी साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं, बाहेर फेकलं जातं आणि आपण म्हणतो, ‘गाडी पाणी पिते’. त्यात महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, 1300 मीटरच्या वर, उघड्यावरचं पाणी मुळातच 95-96 अंशांना उकळतं. म्हणजे घाटमाथ्यावर बिघडलेलं झाकण दुहेरी महागात पडतं. नवीन झाकण बाहेरच्या एका जेवणाच्या बिलात बसतं. जुन्या गाडीवर पहिला खर्च करायचाच असेल, तर हा करा. फक्त आकडा तोच घ्या, ‘जास्तीचा बसवू’ म्हणून नको. जुने होज आणि जुना रेडिएटर तो जास्तीचा दाब सोसत नाहीत.

दुसरी गोष्ट थर्मोस्टॅट. बोटभर उंचीचा, आत मेणाची गोळी असलेला दरवाजा. इंजिन गार असताना तो बंद असतो, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन पटकन कामाच्या तापमानाला येतं. साधारण 82 ते 88 अंशांना मेण वितळून फुगतं, दरवाजा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. बॅटरी नाही, वायर नाही, काही नाही. मला तर हा अख्ख्या गाडीतला सगळ्यात हुशार पार्ट वाटतो. आणि आपल्याकडे सगळ्यात आधी कचऱ्यात जातो तोही हाच!

काढून टाकला, जोडून टाकला, डायरेक्ट केला

मैत्रिणीच्या गाडीचा पहिला इलाज तोच होता. काही वर्षांपूर्वी एकदा थर्मोस्टॅट अडकला आणि गाडी तापली. मेकॅनिकने तो काढला आणि नवीन बसवलाच नाही. ‘‘हे थंडीच्या देशातलं काम आहे ताई, आपल्याकडे लागत नाही.’’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असणार. ऐकायला पटतं, पण इंजिनाला पुणं आणि लंडन कळत नाही, त्याला फक्त त्याचं तापमान कळतं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं. तोवर मोठ्या गाडीचा कॉम्प्युटर ‘इंजिन गार आहे’ असं समजून जास्तीचं पेट्रोल पाजत राहतो (हो, 2004 च्या 800 मध्येही तो असतो), ऑइल खराब होतं, ॲव्हरेज पडतं. आणि गंमत पुढेच आहे. काही इंजिनांमध्ये थर्मोस्टॅट उघडताना एक दुसरी वाट, बायपासची, बंदही करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी. मग ऐन घाटात थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत फिरतं. गार राहावी म्हणून केलेल्या इलाजाने गाडी तापते. झाला ना पोपट?

दुसरा इलाज हीटरचा. डॅशबोर्डच्या मागे एक छोटा रेडिएटर असतो, त्यातून इंजिनाचं गरम पाणी फिरतं आणि ब्लोअरची हवा तापते. म्हणजे हीटर फुकटात चालतो, पेट्रोलचा थेंबही जास्त लागत नाही. तिच्या गाडीत तो गळायला लागला. तो बदलायचा तर डॅशबोर्ड खोलायचा, दिवस मोडायचा. म्हणून इंजिनाकडून येणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकले. हीटर बायपास!

इथे मी मेकॅनिकला थोडं माफ करतो. तुमची गाडी कोथरूड ते डेक्कन एवढीच फिरत असेल, तर बायपासने आभाळ कोसळत नाही. पण पावसाळ्यात ताम्हिणीला गेलात की कळतं. आत चार माणसं, बाहेर धो-धो, आणि काच आतून पांढरी. अशा वेळी एसी हवा कोरडी करतो आणि हीटर काच गरम करतो, दोन्ही एकदम लावले की अर्ध्या-एक मिनिटात रस्ता दिसायला लागतो. नाहीतर एक हात स्टिअरिंगवर, एक हात फडक्यावर, आणि समोरून एसटी. शिवाय गाडी तापायला लागली तर हीटर हा तुमचा राखीव रेडिएटर असतो. त्याबद्दल पुढे.

तिसरा इलाज सगळ्यात घातक. पंखा चालू-बंद करणारा स्विच बिघडला, म्हणून पंखा ‘डायरेक्ट’ केला. किल्ली फिरवली की पंखा सुरू, जानेवारीतल्या सकाळी सात वाजताही. हवा तेव्हा चालेल अशी बनवलेली मोटर अखंड फिरत राहिली. त्या उन्हाळ्यात ती जळली. पंखा गपगार, हिंजवडीचा जॅम, बाकी कथा तुम्हाला माहीत आहेच.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे कूलंटऐवजी वर्षानुवर्षं सोसायटीच्या बोअरचं पाणी. ‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ हा त्यामागचा युक्तिवाद. कूलंट गोठण्यापासून वाचवतं हे खरं, पण ते उकळण्याचा बिंदूही वर नेतं (निम्मं-निम्मं मिश्रण झाकणाशिवायसुद्धा 107 अंशांच्या आसपास उकळतं), आणि मुख्य म्हणजे गंज धरू देत नाही. बोअरच्या पाण्याने बाथरूमच्या गीझरचं काय होतं, ते आठवा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांमध्ये बसतो. त्या नळ्या तर गीझरच्या पाइपपेक्षा कितीतरी बारीक.

नाना पेठेतला डॉक्टर

चौथा मेकॅनिक भेटला नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या गल्लीजवळ. साठी ओलांडलेले गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी पाना उचलण्याआधी एक प्रश्न विचारला, जो आधीच्या तिघांनी विचारला नव्हता. ‘‘तापते कुठे? सिग्नलला का घाटात?’’

फार कामाचा प्रश्न आहे हा, पाठ करून ठेवा. उभी असताना तापते आणि पळायला लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. पळताना किंवा चढावर तापते, तर पाणीच नीट गार होत नाहीये किंवा फिरत नाहीये, म्हणजे रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट. ‘‘दोन्हीकडे,’’ मैत्रीण म्हणाली. काका हसले. ‘‘मग दोन्ही करू.’’

पण त्याआधी त्यांनी बघितलं ते हेड गॅस्केट. खरी भीती इथेच असते. 800 चं हेड ॲल्युमिनियमचं. जास्त तापलं की वाकतं, मध्ये बसवलेलं गॅस्केट फुटतं आणि पाणी, ऑइल, गॅस एकमेकांत शिरतात. मग इंजिन वरून खोला, हेडला फेस मारा, असा मोठा खर्च. लक्षणं मात्र घरबसल्या बघता येतात. ऑइलच्या झाकणाखाली ताकातल्या लोण्यासारखा पांढरट चिकटा, सायलेन्सरमधून न थांबणारा गोडसर वासाचा पांढरा धूर, गार इंजिन सुरू करून झाकण उघडं ठेवलं तर रेडिएटरमध्ये सतत येणारे बुडबुडे. (रोज पाच मिनिटंच गाडी चालवणाऱ्यांनी घाबरू नये. पावसाळ्यात झाकणाखाली थोडा पांढरा चिकटा नुसत्या दमटपणानेही येतो. डिपस्टिकवरही तसाच दिसला, तर मात्र गंभीर.) हिच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. तिला सवय होती, काटा अर्ध्याच्या वर सरकला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची. त्या सवयीनेच इंजिन वाचलं.

मग सुरू झालं साफसफाईचं काम. खालचा पाइप सोडला तर चहाच्या रंगाचं पाणी आलं. रेडिएटर उतरवून दुकानात पाठवला. जुने पितळी रेडिएटर असत, त्यांच्या टाक्या उघडून नळ्यांमधून सळ्या फिरवून साफ करायचे आणि झाळून बंद करायचे. पद्मिनीचं आयुष्य असंच वाढायचं. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचा जमाना आल्यावर ते संपलं. टाकीच्या कडेला चीर गेली की बदलणं हाच उपाय, एम-सीलने नाही जमत. हिचा रेडिएटरही चोंदलेला निघाला, बदलला. होज पाइप दाबून बघितले. चांगला होज दाबला की परत फुगतो, म्हातारा होज एक तर कुरकुरीत झालेला असतो, नाहीतर पिकलेल्या केळ्यासारखा मऊ. सगळे बदलले, क्लिपांसकट. इंजिन गार झाल्यावर होज आतल्या बाजूला चपटा झालेला दिसला, तर तो मात्र होजचा दोष नाही, झाकणातला दुसरा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय, हेही काकांनी जाता जाता सांगितलं.

वॉटर पंपाखाली वाळलेला डाग नव्हता, हाताने हलवला तर खेळ नव्हता. तो ठेवला. मला हे आवडलं. ‘खोललंच आहे तर’ म्हणून सगळं नवीन गळ्यात मारणारे आपण सगळ्यांनीच पाहिलेत. (काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तिथे मात्र दोन्ही एकदम बदलण्यात शहाणपण, मजुरी एकदाच पडते.)

नवीन थर्मोस्टॅट बसवण्याआधी काकांनी जी गंमत केली, ती तुम्ही घरीही करू शकता. एका जुन्या पातेल्यात पाणी तापत ठेवलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने आत लोंबता सोडला. पाण्याला बारीक बुडबुडे यायला लागले आणि पाणी उकळायच्या आधीच तो दरवाजा हळूच उघडला. बाहेर काढला, मिटला. मैत्रीण आणि तिचे बाबा दोघंही लहान मुलांसारखे बघत होते. जुना थर्मोस्टॅट जिवंत आहे की नाही, हे बघायचीही हीच टेस्ट. पातेलं पुन्हा चहाला वापरू नका, एवढंच.

पंख्याची मोटर, स्विच आणि रिले नवीन, ‘डायरेक्ट’ची वायर कापून फेकली. हीटरसाठी डॅशबोर्ड उघडला आणि त्यातच पूर्ण दिवस गेला. आत पायाखालचं कार्पेट अजून चिकट होतं. इथे एक टिप. डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं दिसलं, तर बोट लावून बघा. नुसतं पाणी असेल, वास नसेल, तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय, किरकोळ काम. पाणी चिकट, गोडसर वासाचं आणि काचेवर आतून तेलकट थर येत असेल, तर हीटरचा कोअर गळतोय.

शेवटी कूलंट. तयार मिश्रण मिळतं तेच घेतलं, नाहीतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं. जुन्या हिरव्या कूलंटमध्ये दुसऱ्या प्रकारचं मिसळू नका. आणि नुसत्या रंगावर जाऊ नका, डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. भरल्यावर हवा काढणं हे खरं कौशल्य. गाडीचं नाक चढावर, हीटर फुल गरम, झाकण उघडं आणि इंजिन गार असतानाच सुरू केलेलं. पाण्याची पातळी खाली जाते, पुन्हा भरायची. पंखा दोनदा आपोआप लागून बंद झाला आणि हीटरमधून दणकून गरम हवा आली, म्हणजे आतली हवा निघाली. घाईत ही पायरी गाळली, की सगळे नवीन पार्ट घालूनही गाडी तापते आणि बिल भरणाऱ्याचा बीपी वाढतो.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा पार्किंगमध्ये ओतू देऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोडंसंही त्यांना पुरतं. बाटलीत बंद करून गॅरेजवाल्याकडेच द्या.

आणि रस्त्यात तापलीच तर?

एसी बंद करा. हीटर फुल, ब्लोअर फुल, काचा खाली. मे महिन्यात हे करताना जीव नकोसा होतो, पण काटा खाली येतो आणि सुरक्षित जागेपर्यंत पोचायला तेवढं पुरतं. काटा लालवरच असेल तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद. मग अर्धा-पाऊण तास काहीही करायचं नाही. झाकणाला हात लावायचा नाही, फडकं धरूनसुद्धा नाही. आत दाबाखालचं शंभरच्या वरचं पाणी असतं, झाकण फिरवलं की ते एका क्षणात वाफ होऊन थेट तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणंही नको, धातूला तडा जाऊ शकतो. वडापाव खा, फोटो काढा, ऑफिसला मेसेज टाका. वरचा होज हाताला सोसेल इतका गार झाला की मगच झाकण.

पांढरी 800 तीन दिवसांनी बाहेर पडली. एकूण बिल त्या गिऱ्हाइकाने सांगितलेल्या भावाच्या निम्म्याहून थोडं जास्त झालं. महाग? असेल. पण तेवढ्यात दुसरी कुठली गाडी येते, हे मला कुणीतरी सांगावं. पुढच्या रविवारी दोघं बापलेक खंबाटकीचा घाट चढून साताऱ्याला जाऊन आले. ड्रायव्हिंग बाबांचं. काटा निम्म्यापाशी चिकटून बसला होता, म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीतली पातळी बोटभर खाली गेली होती. उरलीसुरली हवा निघाल्यावर असं होतं. तिने तेवढं कूलंट वर भरलं आणि बॉनेटच्या आत चिकटपट्टीवर तारीख लिहिली. शेजारी बाबांच्या अक्षरात दुसरी तारीख आहे, दोन वर्षांनंतरची. पुढचं कूलंट तेव्हा बदलायचंय.